‘ताई, पण हे खरंच झालं होतं का?’ मोठ्या पोरांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची कशी

सातवी-आठवीपर्यंत पोरं शब्बाथ शाळेत (म्हणजे मंडळीत रविवारी मुलांचे वर्ग भरतात तिथे) निमूट येतात, वचनं पाठ करतात, नाताळच्या नाटकात मेंढपाळ होतात, आणि मग एका रविवारी कोणीतरी हात वर करतं आणि विचारतं, ताई, डायनासोर बायबलमध्ये कुठेयत? माझ्या वर्गात हा हात बारा-तेरा वर्षांपूर्वी वर झाला होता. मी तेव्हा नवीन होते, घाबरले, आणि "शास्त्रावर शंका घ्यायची नसते बाळा" म्हणून पुढचं गाणं सुरू केलं. तो पोरगा त्यानंतर दोन रविवार आला, मग क्लास, मग क्रिकेटची मॅच, मग आलाच नाही. मध्यंतरी एका लग्नात भेटला, "जय ख्रिस्त ताई" म्हणाला, छान बोलला. त्याला तो प्रश्न आठवत पण नव्हता, मला मात्र अजून आठवतो.

तर हे सगळं शब्बाथ शाळेत मोठा वर्ग घेणाऱ्यांसाठी, तरुण संघ चालवणाऱ्यांसाठी, आणि जेवताना असा प्रश्न अचानक अंगावर आला की ज्यांचा घास अडकतो त्या आईबापांसाठी. मी नगरकडची, प्रोटेस्टंट मंडळीतली, त्यामुळे शब्द तिकडचेच येणार, पण वसईला धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारी एक मैत्रीण आहे, जिथे कॅथलिक उत्तर वेगळं पडतं तिथे तिला विचारून लिहिलंय.

माझं म्हणणं सगळ्यात आधी सांगून टाकते. आपण पोरांना सगळं एकाच वजनाचं करून देतो आणि तिथेच गडबड होते. येशू मेलेल्यांतून उठला हे पक्कं, सृष्टी बरोबर १४४ तासांत झाली हे पण तेवढंच पक्कं, आणि टॅटू काढायचा नाही हे पण तेवढंच पक्कं. मग पोरगं अकरावीला पुण्यात जातं, बायोलॉजीच्या लेक्चरला त्यातलं एक हलतं, आणि तिन्ही एकाच गाठोड्यात बांधलेलं असल्यामुळे अख्खं गाठोडंच टाकून देतं.

पायरी १: डबा ठेवा

बिस्किटाचा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला चीर पाडा. सगळ्यांना एकसारखे कागद आणि एकसारखी पेनं द्या, नाहीतर शाईवरून ओळखतात, ही पोरं सीआयडीच असतात. प्रत्येकाने काहीतरी लिहून टाकायचंच, प्रश्न नसेल तर सकाळी नाश्त्याला काय होतं ते लिहा, म्हणजे कोण विचारतंय आणि कोण नाही हे कळायला मार्ग नाही. (मला एकदा अकरा पोह्यांच्या चिठ्ठ्या आल्या होत्या, आणि एक प्रश्न. तो एक प्रश्न महिनाभर पुरला.)

चिठ्ठ्या तिथल्या तिथे उघडू नका. घरी न्या, आठवडाभर वाचा, आणि एका रविवारी जास्तीत जास्त दोन घ्या. मी सुरुवातीला एका तासात आठ-आठ उरकायचे, म्हणजे प्रश्न आला की वचन, प्रश्न आला की वचन, पोरांना वाटायचं ताईंना सगळं येतं, आणि मला वाटायचं वर्ग छान झाला, आणि कोणाच्याच डोक्यात काही उरायचं नाही.

एक गोष्ट इथेच सांगते कारण ती नंतर सांगून चालत नाही. काही चिठ्ठ्या धर्मशास्त्राच्या दिसतात पण नसतात. "आत्महत्या करणारे नरकात जातात का" अशी चिठ्ठी आली तर ती वर्गात मोठ्याने वाचून चर्चा घडवायची नाही, आणि कोणी लिहिली म्हणून चौकशी पण लावायची नाही. त्या रविवारी सगळ्यांना मिळून सांगायचं की कोणाला जगणं नकोसं वाटत असेल तर देव त्याच्यावर चिडलेला नाहीये, मी वर्गानंतर थांबणार आहे, आणि फळ्यावर दोन नंबर लिहायचे: सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ आणि मुलांसाठीची चाइल्डलाइन १०९८. दोन्ही फुकट, दिवसरात्र. आणि एखादं पोर येऊन म्हणालं की कोणीतरी नको तसा हात लावतो, तर "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊन बसू नका, पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवावंच लागतं. मंडळीची बदनामी वगैरे विषय तिथे काढायचाच नाही.

पायरी २: तीन कागद, तीन वजनं

हे मी दरवर्षी जूनमध्ये एकदा करते. भिंतीवर तीन मोठे कागद लावते. पहिल्यावर विश्वासांगीकार लिहायचा, म्हणजे आपण उपासनेत उभं राहून म्हणतो तोच, देव पिता, आकाश व पृथ्वीचा उत्पन्नकर्ता, येशू ख्रिस्त, मरियेपासून जन्म, पंतय पिलाताच्या वेळी दुःखसहन, मरण, पुनरुत्थान, पवित्र आत्मा, पापांची क्षमा, सार्वकालिक जीवन. हे कॅथलिकही म्हणतात, आपणही म्हणतो. हे जड वजन.

दुसऱ्या कागदावर ज्यात मंडळ्या-मंडळ्यांचं जमत नाही ते. बाळाचा बाप्तिस्मा की मोठेपणी पाण्यात बुडवून, मरियेकडे मध्यस्थी मागायची का, प्रभुभोजनात भाकरीचं नेमकं काय होतं, बायबलच्या पहिल्याच, उत्पत्तीच्या पुस्तकातले सृष्टीचे दिवस किती तासांचे, शेवटच्या काळात आधी काय नि नंतर काय. इथे पोरांना स्पष्ट सांगायचं की देवावर प्रेम करणारी शहाणी माणसं इथे दोन्ही बाजूंना आहेत, आपली मंडळी असं मानते, कारण हे. बास.

तिसऱ्या कागदावर सवयी. डोक्यावर पदर, पांढरी साडी, गिटार चालेल का, नाताळला करंज्या, टॅटू.

टॅटूवर पोरं थांबतातच. मग जुन्या करारातलं लेवीय १९ उघडायला लावा, पोरांनाच वाचू द्या. अठ्ठाविसाव्या वचनात अंगावर गोंदू नका आहे, बरोबर. सत्ताविसाव्यात दाढीचे कोपरे कापू नका. एकोणिसाव्यात दोन प्रकारच्या सुतांचं कापड घालू नका, म्हणजे अख्ख्या वर्गाची टीशर्टं गेली. आणि त्याच अध्यायात, अठराव्या वचनात, आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. येशूने ह्यातलं कुठलं उचललं आणि सगळ्यात मोठ्या आज्ञांमध्ये ठेवलं ते त्यांना माहीत असतं. वजन म्हणजे काय हे एवढ्यावरून जेवढं कळतं तेवढं माझ्या बोलण्याने कधी कळलं नाही. टॅटू काढायचा की नाही ते नंतर आईशी भांडा.

पायरी ३: उत्तराआधी एक उलट प्रश्न

"हे तू कुठे ऐकलंस?" किंवा "हे नेमकं कधी डोक्यात आलं?" एवढंच, पण चिडल्यासारखं नाही, चहा घेणार का विचारतो त्या सुरात. कारण सारखाच प्रश्न तीन पोरांचा तीन वेगळा असतो. "देव प्रार्थना ऐकतो का" हे एकाने रील बघून विचारलेलं, एकाने मला अडकवायला विचारलेलं, आणि एका मुलीने वडिलांचं डायलिसिस सुरू झालं म्हणून. तिला मी जर प्रार्थनेवरचा पाठ दिला असता तर मला माफ करायला तिला बरीच वर्षं लागली असती. ती बोलली, मी ऐकलं, मग आम्ही दोघींनी तिच्या पप्पांसाठी प्रार्थना केली आणि मी तिला घरी सोडून आले. उत्तर नंतर दिलं, दोन महिन्यांनी, तिनेच परत विचारलं तेव्हा.

आता नेहमी येणारे प्रश्न. सगळ्यांना सारखी जागा देत नाहीये कारण सगळे सारखे अवघड नाहीत.

येशू खरंच होऊन गेला का?

हा सोपा आहे, घाबरू नका. बायबल बाजूला ठेवून सुरू करा, पोरांना ते आवडतं. टॅसिटस नावाचा रोमन इतिहासकार, ख्रिस्ती लोकांचा अजिबात चाहता नाही, त्यांना शिव्याच घालतो, तो साधारण इ.स. ११६ च्या सुमाराला लिहितो की ह्या लोकांचं नाव ज्या ख्रिस्तावरून पडलं त्याला सम्राट तिबेरियसच्या राज्यात रोमन सुभेदार पंतय पिलाताने मृत्युदंड दिला. योसेफस हा यहूदी इतिहासकार पहिल्या शतकाच्या शेवटी ख्रिस्त म्हटलेल्या येशूच्या भावाचा, याकोबाचा, उल्लेख करतो. योसेफसच्या पुस्तकात येशूवरचा आणखी एक मोठा उतारा आहे, पण त्यात नंतरच्या ख्रिस्ती नकलाकारांनी भर घातली असं बहुतेक अभ्यासक मानतात, ते पोरांना तुम्हीच आधी सांगा, नाहीतर यूट्यूब सांगेल आणि तुम्ही लपवलंत असं होईल. पिलाताचं नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये इस्राएलमधल्या कैसरियाला सापडला, त्याचा फोटो मोबाईलवर दाखवा.

मग सीमा सांगा. येशू होता आणि वधस्तंभावर मेला इथपर्यंत इतिहासकार, अगदी निधर्मी पण, बहुतेक सगळे येतात. तो उठला हे मात्र प्रयोगशाळेत सिद्ध होत नाही. तिथे साक्ष आहे. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र लिहिलं ते साधारण इ.स. ५५ च्या आसपास, म्हणजे घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांत, आणि पंधराव्या अध्यायात उठलेला येशू कोणाकोणाला दिसला त्याची यादीच देतो, पाचशे जणांना दिसला, त्यातले बरेच अजून जिवंत आहेत म्हणतो, म्हणजे जा आणि विचारा. ह्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. मी ठेवते, का ठेवते ते सांगते, आणि गप्प बसते.

हल्ली एक जोडप्रश्न येतो, येशू काश्मीरला आला होता का. हे निकोलस नोटोविच नावाच्या रशियन माणसाने १८९४ मध्ये पुस्तकात लिहिलं, लडाखच्या हेमिस मठात जुनी पोथी वाचायला मिळाली म्हणाला, पुढच्याच वर्षी दुसऱ्या एकाने तिथे जाऊन मठाच्या प्रमुखांना विचारलं तर ते म्हणाले असली पोथीच नाही. श्रीनगरची एक कबर येशूची आहे हा दावा अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी त्याच सुमारास केला. दोन्ही गोष्टी येशूनंतर अठराशे-एकोणीसशे वर्षांनी सुरू झालेल्या. दोन मिनिटांत मिटतं.

बायबल बदललंय ना?

वर्गातला एखादा मित्र म्हणतो म्हणून हे येतं. इथे दोन गोष्टी हाताशी ठेवा. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत गुंडाळ्या सापडल्या, त्यात यशयाचं अख्खं पुस्तक, सात मीटरच्या वर लांब, येशूच्याही आधीचं. तोपर्यंत हातात असलेल्या हिब्रू प्रती त्याच्याहून साधारण हजार वर्षांनी नव्या होत्या. ताडून पाहिलं तर स्पेलिंगचे आणि छोटे फरक भरपूर, पण पुस्तक तेच. दुसरं, योहानाच्या शुभवर्तमानाचा पपायरसचा एक तुकडा मँचेस्टरच्या लायब्ररीत आहे, एटीएम कार्डापेक्षा जरासा मोठा, साधारण दुसऱ्या शतकातला, त्यावर पिलात येशूची चौकशी करतो तिथल्या ओळी.

आणि इथेही उघडपणे सांगायचं की मार्कच्या शेवटच्या बारा ओळी आणि योहान ८ मधली व्यभिचारी स्त्रीची गोष्ट सगळ्यात जुन्या प्रतींत नाहीत. बऱ्याच छापील बायबलांत ह्या ओळी कंसात असतात किंवा खाली टीप असते. पोरांना शोधायला लावा. लपवायचं असतं तर छापलं असतं का, हा प्रश्न त्यांना स्वतःच सुचतो.

आपलं बायबल ६६ पुस्तकांचं आणि कॅथलिक ७३ चं का, हे पण ह्यातच येतं. जास्तीची सात जुन्या करारातली आहेत, ग्रीक भाषांतरात होती, प्रोटेस्टंट सुधारकांनी हिब्रू यादी धरली. नवा करार दोघांचा २७ पुस्तकांचाच. दुसऱ्या कागदावर टाका आणि पुढे चला.

एक देव की तीन?

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, म्हणजे त्रैक्य, हे मी बरीच वर्षं चुकीचं शिकवलं. पाणी, बर्फ, वाफ. सगळ्यांनीच शिकवलंय. गडबड अशी की तेच पाणी एका वेळी बर्फ असतं नाहीतर वाफ असतं, म्हणजे एकच देव वेष बदलून येतो असं होतं, आणि ही कल्पना मंडळीने तिसऱ्या शतकातच चूक म्हणून बाजूला काढली होती. एका पोरीने विचारलं, "मग ताई येशू गेथशेमाने बागेत प्रार्थना कोणाला करत होता, स्वतःलाच?" तेव्हापासून बर्फ बंद. अंड्याचं कवच-पांढरं-पिवळं पण नको, ते तीन तुकडे झाले.

ब्रह्मा-विष्णू-महेशसारखं का, हा महाराष्ट्रात हमखास येणारा प्रश्न. वाकडं बोलू नका, मित्राच्या घरच्या देवांची टिंगल तर अजिबात नाही. एवढंच सांगा की तिथे तिघांची कामं वाटलेली सांगतात, निर्मिती, पालन, संहार, आणि त्रैक्यात तसं काम वाटून नाहीये, पित्याने निर्माण केलं त्यात पुत्रही आहे, आत्माही आहे.

मग मी काय करते, व्याख्या देत नाही, दृश्य देते. मत्तय ३ काढा. यार्देन नदी, पुत्र पाण्यातून वर येतोय, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, आकाशातून बाप बोलतोय, हा माझा पुत्र. तिघं एकाच वेळी, आणि तिघांमध्ये काय चाललंय तर प्रेम. योहान म्हणतो देव प्रीती आहे, आता जग निर्माण व्हायच्या आधी देव एकटाच असता तर प्रीती कोणावर करत होता? ह्या प्रश्नावर वर्ग शांत होतो. त्रैक्य हा शब्द बायबलमध्ये नाही हे पण सांगा, तो नंतर आला, निकाया नावाच्या गावी इ.स. ३२५ मध्ये बिशप जमून भांडले ते पुत्र हा खरोखर देव आहे की देवाने बनवलेला एक मोठा कोणीतरी आहे ह्याच्यावर. आणि पूर्ण समजलं नाही तरी चालतं, मलाही समजलेलं नाही.

सायन्स की उत्पत्ती?

माझा डायनासोरवाला प्रश्न. आता मी पोरांना उत्पत्ती १ वाचून सूर्य कितव्या दिवशी झाला ते शोधायला सांगते. चौथ्या. मग पहिले तीन दिवस "संध्याकाळ झाली, सकाळ झाली" ते कसं? हा प्रश्न काही आजच्या नास्तिकांचा नाही, ओरिजेन नावाच्या ख्रिस्ती पंडिताने तो तिसऱ्या शतकात विचारला होता, बिशप ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ह्यावर पुस्तक लिहिलं आणि ते दिवस आपल्यासारखे दिवस मानले नाहीत. डार्विन जन्मायला अजून चौदाशे वर्षं होती. विश्व एका बिंदूपासून फुगत आलंय ही बिग बँगची मूळ कल्पना मांडणारा जॉर्ज लेमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक पाद्री होता, १९२७ आणि १९३१ चे त्याचे पेपर. आनुवंशिकतेचा मेंडेल मठातला.

दिवस खरेच चोवीस तासांचे मानणारी माणसं आपल्या मंडळीत आहेत, माझे सासरे त्यातलेच, आणि त्यांच्याइतकी प्रार्थना मी करत नाही. दुसरा कागद. पहिल्या कागदावर एवढंच लिहिलंय की देव उत्पन्नकर्ता आहे.

येशूला मरायची काय गरज होती, देव नुसतं माफ करू शकत नव्हता का?

सगळ्यात चांगला प्रश्न हा, आणि आपली उत्तरं सगळ्यात वाईट इथे. "देव रागावला होता, कोणालातरी मारायचंच होतं, मग त्याने मुलाला मारलं" असं पोरांच्या कानावर जातं, आपण तसं म्हणत नसलो तरी. चौदा वर्षांच्या ज्या पोराचा बाप दारू पिऊन मारतो त्याच्या कानावर हे कसं जात असेल विचार करा.

म्हणून आधी वधस्तंभावर कोण आहे ते सांगा. पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात म्हणतो की देव स्वतः ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. म्हणजे तिसऱ्याच कोणाला पकडून आणलेलं नाही. मग माफी फुकट असते का ते विचारा. मी एक उदाहरण देते: मित्राने तुझा मोबाईल फोडला, तू "जाऊ दे" म्हणालास, तर पैसे कोणाचे गेले? तुझेच ना. माफ केलं की किंमत नाहीशी होत नाही, माफ करणाऱ्याकडे जाते. पोरांना हे लगेच समजतं, मोबाईलचं असल्यामुळे असेल.

एवढं उदाहरण पुरेसं नाही हे माहितीय. नवा करारच एका चित्रावर थांबत नाही, कुठे खंडणी भरून सोडवलेला गुलाम आहे, कुठे वल्हांडणाचं कोकरू, कुठे मरणावर मिळवलेला विजय, कुठे बागेत आदामाने जे बिघडवलं ते दुसऱ्या बागेत दुरुस्त होणं. एक एक रविवार एक एक चित्र घ्या. आणि लूक १५ मधला उधळ्या पुत्राचा बाप शेवटी घ्याच, पैसे उडवून परत येणारा पोरगा लांबून दिसला म्हणून, गावातला प्रतिष्ठित म्हातारा, धोतर सावरत रस्त्यावर पळत सुटलेला, लोक बघतायत. (धोतर माझं, लूकचं नाही.)

देव चांगला आहे तर मग असं का होतं?

वाक्यांची एक यादी करा आणि ती कधीच म्हणू नका. "देवाला तो जास्त आवडला." "विश्वास कमी पडला." "कोणत्यातरी पापाची शिक्षा असेल." तिसऱ्याला तर येशूनेच उत्तर दिलंय, लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले तेव्हा आणि योहान ९ मध्ये जन्मांधाच्या वेळी, दोन्हीकडे सरळ नाही म्हणाला.

ह्या प्रश्नाला उत्तर म्हणून मी फार काही देत नाही. माणसाला मोकळीक दिली की तो वाईटही करणार, हे थोडं पटतं, पण मग कॅन्सर आणि भूकंप उरतातच. त्याऐवजी मी त्यांना तक्रार करायला शिकवते. स्तोत्रसंहिता ८८ वाचा, ते अंधारात संपतं, शेवटी "तरी पण देवाची स्तुती असो" वगैरे काही नाही. आणि ते बायबलमध्ये ठेवलंय. मेलेल्या मित्राच्या, लाजाराच्या कबरेपाशी येशू रडला, दहा मिनिटांत त्याला उठवणार होता तरी. पकडला गेला त्या रात्री गेथशेमाने बागेत, हे मरण टळू दे असं त्याने स्वतः मागितलं ते त्याला मिळालं नाही. मग पोरांना आपापलं स्तोत्र लिहायला लावते, देवाला शिव्या सोडून काहीही लिहा. (एकाने लिहिल्याच. मी काही बोलले नाही.)

गणपतीचा प्रसाद खायचा का? आणि मित्र नरकात जाणार का?

हे दोन्ही एकत्र घेते कारण पोरांच्या पोटात ते एकत्रच असतात. भाद्रपदात डब्यात ह्याच चिठ्ठ्या.

प्रसादावर पौलाने अख्खे अध्याय लिहिलेत, १ करिंथ ८ आणि १०, हे पोरांना माहीतच नसतं. करिंथमध्ये बाजारातलं बरंचसं मांस देवळात वाहिलेलं असायचं. पौल म्हणतो मूर्ती म्हणजे काही नाही, तेव्हा खाणं ही अडचण नाही, कोणी जेवायला बोलावलं तर जे वाढतील ते खा, चौकश्या करू नका. पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे तर सांगणाऱ्यासाठी नको खाऊ, आणि तुझ्या खाण्याने कच्च्या विश्वासाचा भाऊ अडखळत असेल तरी नको. आणि पूजेतच सहभागी होणं वेगळं, तिथे तो कडक आहे. आता ह्यावरून आमच्याकडे दोन घरं दोन निर्णय घेतात. एका घरात मोदक हातात घेऊन "थँक्यू काकू" म्हणतात आणि खातात, दुसऱ्या घरात नम्रपणे नको म्हणतात आणि आरतीच्या वेळी खुर्च्या लावायला मदत करतात. मी दोघांनाही चूक म्हणत नाही. मोदक घेऊन बाहेर कचऱ्यात टाकणं मात्र चूक, ते मी ठामपणे सांगते.

नरकाचं अवघड आहे. विश्वासांगीकारात एवढं आहे की ख्रिस्त जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला येईल. योहान १४:६ आहे, मार्ग मीच आहे, ते गिळून टाकू नका. पण न्याय करणारा तो आहे, आपण नाही. कॅथलिक मंडळीने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६४ मध्ये लेखी म्हटलं की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय सुवार्ता कळली नाही पण जे मनापासून देवाला शोधतात त्यांचंही तारण होऊ शकतं. प्रोटेस्टंटांमध्ये कडक मानणारे आहेत, आशा ठेवणारे आहेत. मी पोरांना उत्पत्ती १८ मधला अब्राहाम दाखवते, सदोमसाठी देवाशी घासाघीस करणारा, सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय असं तोंडावर विचारणारा. मित्रासाठी असं भांडून प्रार्थना कर, म्हणते. आणि मित्राला जाऊन "तू नरकात जाणार" असं सांगणं ही साक्ष नाही, ते उद्धटपणा आहे.

आपला धर्म इंग्रजांनी आणला ना?

हा प्रश्न खरं तर शाळेतल्या टोमण्यांचा आहे, तांदळाच्या पोत्यासाठी बाटलेले वगैरे. पोरगं विचारतं तेव्हा त्याचा चेहरा बघा. आधी भूगोल: येशू आशियातला, युरोप त्याने बघितला पण नाही. मग इतिहास: केरळची परंपरा प्रेषित थोमा इ.स. ५२ मध्ये आला असं सांगते, आणि परंपरा बाजूला ठेवली तरी सहाव्या शतकातला कॉस्मस नावाचा प्रवासी मलबारात ख्रिस्ती मंडळी आणि ‘कल्लियाना’ला पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो. हे कल्लियाना म्हणजे बऱ्याच अभ्यासकांच्या मते आपलं कल्याण. लोकलने जातो ते. थॉमस स्टीफन्स नावाच्या जेझुइट पाद्रीने गोव्यात मराठीत ख्रिस्तपुराण लिहिलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, १६१६ मध्ये छापलं. तो मात्र खरंच इंग्रज होता, पण इंग्रजांचं राज्य यायला अजून बराच वेळ होता, आणि त्यात त्याने मराठीचं कौतुक केलंय.

नंतरचं पण लपवू नका. पोर्तुगीजांनी वसई-गोव्यात जबरदस्ती केली, इन्क्विझिशन (धर्माची चौकशी करून शिक्षा देणारं न्यायालय) झालं. नगरकडे दुष्काळात मिशनने अन्न दिलं, अनाथ पोरं सांभाळली, त्यातली बरीच कुटुंबं मंडळीत आली. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते ती माणसं ज्या दारात आत बोलावलं तिथे गेली, ह्यात आपल्या पणज्यांनी लाज वाटावी असं काय केलं? आणि सगळेच पोटासाठी आले असंही नाही, नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचं घर तुटायची वेळ आली, पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं. प्रत्येकाने घरी जाऊन सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, आपल्यात पहिलं कोण आलं आणि का. पुढच्या रविवारच्या गोष्टी ऐकताना मलाच रुमाल लागतो.

पटकन मिटणारे

२५ डिसेंबर बायबलमध्ये नाही, रोममध्ये चौथ्या शतकात ही तारीख पाळल्याची नोंद मिळते. सांता म्हणजे मुळात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप निकोलस. ईस्टर दरवर्षी हलतो कारण तो तिथीसारखा आहे, २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, म्हणून २०२५ मध्ये २० एप्रिल आणि २०२६ मध्ये ५ एप्रिल. येशू शुक्रवारी मेला आणि रविवारी उठला, मग तीन दिवस कसे? यहूदी मोजणीत दिवसाचा तुकडा पण दिवस, आपण "तेराव्याला या" म्हणतो तेव्हा गेलेला दिवस पण धरतो तसंच.

पायरी ४: वही

ज्याचं उत्तर येत नाही ते "मला माहीत नाही, लिहून ठेवते" म्हणून सगळ्यांसमोर वहीत लिहायचं, तारीख टाकून. महत्त्वाचं काम नंतरचं, खरंच शोधायचं, पाळकसाहेबांना विचारायचं, आणि परत येऊन सांगायचं, अगदी "विचारलं, त्यांनाही नक्की सांगता येत नाही" एवढंच असलं तरी. दोनदा विसरलात की पोरं वही म्हणजे कचरापेटी समजतात. घरी आईबापांनी पण फ्रिजवर एक कागद लावला तरी चालतो.

माझ्या वहीत आत्ता चार उघडे आहेत. त्यातला एक दोन वर्षांपासून पडलाय, तेव्हा सहावीतून नुकत्याच वरच्या वर्गात आलेल्या मुलाचा: येशूला पकडून देणारा यहूदा गळफास घेण्याऐवजी तीन दिवस थांबला असता, तर येशूने त्याला पण, ‘मी ह्याला ओळखत नाही’ म्हणणाऱ्या पेत्रासारखं समुद्रकिनारी मासे खायला बोलावलं असतं का? पाळकसाहेबांना विचारलं, फादरांना विचारलं, सासऱ्यांना विचारलं. तिघांनी आधी "हो" म्हटलं आणि मग म्हणाले, थांब जरा, बघून सांगतो.